बाईंनी अकरा फोटो नापास केले, बारावाही करायला हवा होता

लेक सहा वर्षांची झाली, पुढचा एक दात पडला, तेव्हा तिचं तैलचित्र करून घ्यायची हौस आली. फोटोवरून पोर्ट्रेट करून देणाऱ्या एका चित्रकार बाईंना काम दिलं. कॅनव्हास सोळा बाय वीस इंची. आपण फोटो पाठवायचा, पुढचं त्या बघतील, अशी माझी समजूत. पण चित्रापेक्षा फोटोनेच जास्त पिदवलं. आणि खरं सांगायचं तर माझे पैसे वसूल झाले ते तिथेच.

पहिला पाठवला तो घरात सगळ्यांचा लाडका सेल्फी. खळखळून हसतेय, डोळे बारीक झालेत. बाईंचं उत्तर आलं, "ताई, फोटो गोड आहे, पण यावरून काढलं तर नाक तिचं होणार नाही." मला राग आला. मग त्यांनी फोन करून समजावलं. फोन तोंडापासून हातभर अंतरावर असला की नाक फुगतं, कान मागे सरकतात. बघताना आपण ते मनात दुरुस्त करून घेतो, ब्रश मात्र जसंच्या तसं उतरवतो. त्यातून माझ्या फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखा उलटा फोटो ठेवतो, त्यामुळे भांगही भलत्याच बाजूला! सहा वर्षं रोज मीच तो भांग पाडतेय आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. हसण्याबद्दल त्या म्हणाल्या, की असं हसू क्षणभर छान वाटतं, भिंतीवर कायमचं लागलं की दात विचकल्यासारखं दिसतं.

बाकीचे दहा भराभर गेले. फ्लॅशचे सपाट, भर दुपारच्या उन्हातले डोळ्यांच्या खोबणीत काळोख असलेले. लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून पाठवला, तर पापणीच्या जागी चार चौकोन. दोन फोटोंत फोनच्या ब्युटी फिल्टरने गालाचा पोतच पुसला होता. (मी तो कधी चालू केला, देव जाणे.) व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, हेही तेव्हाच कळलं. नाहीतर तो आकसून जातो.

शेवटी बाईंनी सांगितलं तसे नवे फोटो काढले. खिडकी तिच्या एका बाजूला, खोलीतले दिवे बंद, कारण पिवळा आणि पांढरा उजेड मिसळला की कातडीचा खरा रंग सापडत नाही. मी जमिनीवर फतकल मारून, म्हणजे कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत. सहा-सात फूट मागे सरकून दोन पट झूम. लाल चादर काढून टाकली, तिची लाली हनुवटीखाली चढते म्हणे. आणि "हस बाळा" अजिबात म्हणायचं नाही, हातात काहीतरी काम द्यायचं. मणी ओवायला दिले. ऐंशीएक फोटो निघाले.

बाईंनी निवडला तो मी डिलीट करणार होते. तोंड मिटलेलं, जीभ आतून पडलेल्या दाताच्या खळग्यात, नजर किंचित बाजूला. सासूबाईंनी बघितल्याबरोबर म्हटलं, "अगं, विचारात पडली की ही अशीच करते." डोळ्यांच्या आणि केसांच्या रंगासाठी बाईंनी आणखी पाच फोटो आणि दिवसाउजेडी काढलेला एक छोटा व्हिडिओ मागून घेतला.

चेहरा अप्रतिम उतरलाय. डाव्या गालावरची सावली काळी नाही, मऊ तपकिरी आहे. चित्र तीन आठवडे उशिरा आलं आणि मध्ये फोन उचलले जात नव्हते, त्याचा एक तारा कापते.

दुसरी तक्रार फ्रॉकची, आणि त्यात माझाही दोष आहे. मणी ओवताना अंगात जुना टी-शर्ट होता, म्हणून मी हट्टाने वाढदिवसाच्या फ्रॉकचा फोटो पाठवला आणि चेहरा या फोटोतला, फ्रॉक त्या फोटोतला करायला लावलं. त्या फोटोत उजेड उलट्या बाजूने येतो. आता चेहऱ्यावर उजेड उजवीकडून आणि कॉलरवर डावीकडून. एकदा दिसलं की नजर तिथेच अडकते. बाई "बरं" म्हणाल्या, तिथे "नाही" म्हणायला हवं होतं. त्यांना ते जमत नाही असं तर मुळीच नाही.

रंग पूर्ण वाळायला सहा महिने द्यायचे, मग वार्निशसाठी चित्र परत न्यायचं आहे. तेव्हा कॉलर दुरुस्त करून देईन म्हणाल्यात. टी-शर्टचा फोटो मी जपून ठेवलाय.