ट्रेल बाइकची चेन: स्प्रे की गिअर ऑइल?
मुंबईचा पाऊस आणि कर्जतकडची लाल माती, नव्या ट्रेल बाइकची (कच्च्या वाटांवर चालवायच्या मोटरसायकलची) चेन यातच मार खाते. चेनला वंगण म्हणून मारायचा स्प्रे चिकटून बसतो, फारसा उडत नाही. रोज हायवेने ऑफिस गाठणाऱ्यांना तो सोयीचा. पण चिखलात त्याच चिकट थरावर बारीक वाळू बसते आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, झिजवते.

90 ग्रेडचं गिअर ऑइल स्वस्त. रिमवर शिंतोडे उडतात, पावसात लवकर धुऊनही जातं; मात्र रॉकेलने चेन पुसून पुन्हा लावणं सोपं. मातीत उतरणाऱ्यांना मी तेच सुचवेन. पेट्रोलने चेन धुऊ नका, चेनमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात.

चेनची ढिलाई मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. या बाइकचं सस्पेन्शन खूप खालीवर होतं. घट्ट चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर जोर टाकते.