इमॅजिकाला जायचं ठरलंय, पण थीम पार्क करायचं की शेजारचं वॉटर पार्क?

आमच्याकडे दर सुट्टीत हा विषय निघतोच. आम्ही डोंबिवलीचे, दीर-जाऊबाई पुण्याला, मग मध्ये कुठे भेटायचं तर खोपोली, आणि खोपोली म्हटलं की पोरं लगेच इमॅजिका इमॅजिका सुरू करतात. पण खरा घोळ त्याच्या पुढे आहे, कारण तिथे शेजारी शेजारी दोन पार्क आहेत, थीम पार्क २०१३ ला सुरू झालं आणि वॉटर पार्क त्याच्या पुढच्या वर्षी, तिकिटं वेगळी, कपडे वेगळे, अख्खा दिवसच वेगळा. घरच्यांना घेऊन मी दोन्हीकडे गेलेय, म्हणून जे ठरवतायत त्यांच्यासाठी सगळं एकदा नीट लिहून काढते.

तिकिटाचा रेट, ऑफर वगैरे नंतर बघा, आधी हे बघा की सोबत सगळ्यात लहान कोण आहे आणि सगळ्यात मोठं कोण. आमच्या सासूबाई सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, आणि नेसणार साडीच. वॉटर पार्कला पाण्यात उतरायचं तर नायलॉनचेच कपडे लागतात, कॉटन, जीन्स, साडी, ओढणी काही चालत नाही, आणि ते बरोबरच आहे, सुती कपडा भिजला की जड होतो आणि स्लाइडवर अडकला की इजा होते. पण मग आईंच्या वाट्याला काय आलं, तर दिवसभर बॅगा सांभाळत खुर्चीत बसणं. संध्याकाळी आम्ही पाण्यातून बाहेर आलो तर सगळ्यांचे टॉवेल घडी करून मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "झालं का पोहून? भुका लागल्या असतील ना." मला ते फार लागलं. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही म्हणून जास्तच लागलं.

पुढच्या वर्षी त्याच आईंनी थीम पार्कला पाच राइड केल्या! आय फॉर इंडिया म्हणून एक आहे, भल्यामोठ्या पडद्यासमोर खुर्च्यांची रांग वर उचलली जाते, पाय अधांतरी लोंबकळतात आणि आपण देशभरातल्या जागांवरून उडत चाललोय असं वाटतं. आईंनी चपला काढून ठेवल्या, माझा हात घट्ट धरला, पहिले दोन मिनिटं डोळे मिटलेले आणि मग एकदम पुढे वाकून खाली बघायला लागल्या. बाहेर आल्या आल्या विचारतात, "परत बसू देतात का गं?" परत बसवलं त्यांना. तेवढ्यासाठी सुद्धा मी थीम पार्क सुचवीन, घरात आजी-आजोबा असतील तर विचारच करू नका.

लहानांचं म्हणाल तर पाचेक वर्षांच्या मुलाला दोन्हीकडे मजा येते. थीम पार्कला टबी टेक्स ऑफ, मॅजिक कॅरोसेल, हॅपी व्हील्स अशा छोट्या राइड आहेत, अलिबाबाच्या राइडमध्ये गाडीत बसून बंदुकीने नेम धरायचा असतो, ती तर आमच्या घरात आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची फेव्हरेट. सलीमगढ मात्र भुताची आहे, अंधारात घाबरणाऱ्या मुलांना नेऊ नका, रात्री झोपताना त्रास तुम्हालाच होईल. राजासॉरसची बोट राइड जरूर करा, शेवटी खाली येताना भिजायला होतं. आणि राजासॉरस हे काही पार्कवाल्यांनी बनवलेलं नाव नाहीये बरं का, खराखुरा डायनोसॉर होता, गुजरातमध्ये सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये त्याचं नामकरण झालं, राजासॉरस नर्मदेन्सिस. मुलांना लाइनीत उभं असताना हे सांगितलं तर वेळ पण जातो आणि राइडमध्ये डोळे मोठ्ठे करून बघतात.

वॉटर पार्कला लहानांसाठी पायरेट बे आहे, तिथे पाणी उथळ आहे, त्यामुळे आई किंवा बाबा एक जण कडेला आणि एक जण पाण्यात एवढं केलं की झालं. पण नजर हलवायची नाही हं, पाणी घोट्याएवढं असलं तरी नाही. वेव्ह पूलमध्ये लाटा सुरू झाल्या की गर्दी एकदम आत धावते, तेव्हा लहान मूल कडेवर किंवा सरळ बाहेर.

टीनएजर असतील तर प्रश्न जरा अवघड होतो कारण दोन्हीकडे त्यांना हवं ते आहे. थीम पार्कमधला नायट्रो म्हणजे पायाखाली फ्लोअरच नसलेला रोलर कोस्टर, साधारण ४० मीटर उंच, ताशी १०० किलोमीटरच्या वर स्पीड आणि ५ वेळा उलटं करतो. वॉटर पार्कमध्ये लूपी वूपी आहे, कॅप्सूलमध्ये उभं करतात आणि पायाखालची फळी अचानक जाते, माझा पुतण्या म्हणतो नायट्रोपेक्षा ते भारी. एक काम मात्र घरूनच करून निघा, मुलांची उंची भिंतीला उभं करून मोजा आणि साइटवर प्रत्येक राइडची अट बघून ठेवा. माझा मुलगा नायट्रोच्या तोंडाशी उंचीच्या पट्टीपाशी टाचा उचलून उभा राहिला, दोन बोटं कमी पडली, आणि मग रडून रडून डोळे लाल. आधी सांगितलं असतं तर एवढं झालं नसतं.

आता सीझन. एप्रिल-मेमध्ये खोपोलीला उकाडा भयंकर असतो, सह्याद्रीच्या पायथ्याशी हवा कोंडते, तेव्हा मोठी माणसं सोबत नसतील तर वॉटर पार्कच बरं. थीम पार्कच करायचं असेल तर गेट उघडल्या उघडल्या आधी नायट्रो उरकायचा, मग १२ ते ४ बंदिस्त राइड, म्हणजे आय फॉर इंडिया, अलिबाबा, डीप स्पेस, आणि ऊन उतरलं की बाहेरच्या. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो पण विजा चमकायला लागल्या की बाहेरच्या राइड थांबवतात, तो दिवस लॉटरीच समजा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत थीम पार्क बेस्ट, वॉटर पार्कला मात्र दुपार कलली की पोरं कुडकुडतात. आणि शक्य असेल तर मधला वार धरा, शनिवार-रविवारी अर्धा दिवस लाइनीत जातो.

खर्चाचं एकच सांगते, वॉटर पार्कचं तिकीट कमी दिसलं म्हणून फसू नका, कॉश्च्युम भाड्याने घेतले, लॉकर घेतला की सहा जणांचं बिल कुठल्या कुठे जातं, कॉश्च्युम घरूनच न्या. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, आम्ही थालीपीठ-दही गाडीतच खाऊन आत जातो, मग दुपारी एकच जेवण विकत.

दोन्ही एका दिवसात करायचा हट्ट नको. वॉटर पार्क संध्याकाळी लवकर बंद होतं आणि ओल्या केसांनी, दमलेल्या पोरांना घेऊन थीम पार्कमध्ये पायपीट करणं म्हणजे पैसे पण गेले आणि मजा पण गेली. दोन्ही हवंच असेल तर मुक्काम करा.

कोणी म्हणेल गोराईचं वॉटर किंगडम का नाही. बोरिवली-मालाडकडच्यांना ते जवळ आहे, १९९८ पासूनचं आहे, आणि मार्वेहून बोटीने जाण्यातच मुलं अर्धी खूश होतात. आम्हाला डोंबिवलीहून खोपोली सोयीचं, खोपोली लोकल मोजक्याच आहेत पण वेळ साधली तर थेट जाता येतं, पुढे रिक्षा.

यंदा मेमध्ये आमचं असं ठरलंय, दीर आणि मोठी मुलं वॉटर पार्कला, मी आईंना आणि धाकट्याला घेऊन सकाळी महडच्या वरदविनायकाला, तिथून थेट थीम पार्क, दुपारभर एसीतल्या राइड. आईंनी चपलांसाठी पिशवी आत्ताच काढून ठेवलीये.