'द विचर ३' दुसऱ्यांदा खेळताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

संपवलेला गेम पुन्हा खेळावा का, याचे सरसकट उत्तर देता येत नाही. ते गेमच्या जातीवर ठरते. केवळ कोड्यांवर उभा असलेला गेम उत्तरे कळली की संपतो, आणि ज्याची सारी गंमत हात बसण्यात आहे असा गेम माणूस वर्षानुवर्षे खेळत राहतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने मे २०१५ मध्ये आणलेला 'द विचर ३: वाइल्ड हंट' यांपैकी कशातच बसत नाही. तो कथेचा गेम आहे, आणि कथा कळल्यावर तो पुन्हा हाती घेण्याचे कारणच उरत नाही, असे अनेकांना वाटते. गेले काही महिने तो नव्याने, अगदी पहिल्या प्रसंगापासून खेळल्यावर माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे. ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांनी इथेच थांबावे, कारण पुढे कथानकातील बऱ्याच गोष्टी उघड होणार आहेत.

कीर्तनातले आख्यान श्रोत्यांना आधीच ठाऊक असते, तरी निरूपणासाठी ते येऊन बसतात. या गेमची दुसरी खेप तशीच आहे. पुढे काय होणार ही घाई संपलेली असते, त्यामुळे कोण काय बोलते आणि काय बोलायचे टाळते याकडे लक्ष जाते. सुरुवातीलाच, व्हाइट ऑर्चर्ड या गावाच्या खानावळीत गेमचा नायक गेराल्ट, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा 'विचर', आपली प्रेयसी येनेफर हिची चौकशी करत असताना एक साधासा दिसणारा प्रवासी त्याला मदत करतो. पहिल्या वेळी आपण त्याचे ऐकतो आणि पुढे निघतो. हाच गाँटर ओ'डिम पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या 'हार्ट्स ऑफ स्टोन' या विस्ताराच्या केंद्रस्थानी आहे, आणि तो खरा कोण आहे हे समजल्यावर खानावळीतले त्याचे प्रत्येक वाक्य, त्याचा तो निवांत, आर्जवी सूर अंगावर काटा आणतो. त्या प्रसंगात काहीही बदललेले नसते. बदललेले असते ते केवळ आपल्याला असलेले ज्ञान.

वेलन या प्रांतातल्या बॅरनचे प्रकरण तर दुसऱ्या वेळीच पुरते कळते, असे मी म्हणेन. आपली बायको आणि मुलगी नाहीशा झाल्या आहेत, त्यांचा शोध लाव, मग तुझ्या मानसकन्येबद्दल, सिरीबद्दल सांगतो, असा सौदा तो गेराल्टशी करतो. पहिल्या खेपेला त्याच्या घरातली झडती हे एक तपासकाम वाटते: भिंतीवरचे चित्र, त्याच्यामागे दडवलेले भोक, सांडलेल्या दारूचा वास. दारूच्या नशेत त्याने बायकोला केलेली मारहाण आणि तिचा झालेला गर्भपात आधीच माहीत असताना त्याच खोल्यांतून फिरणे फार जड जाते. सिरीबद्दल बोलताना त्याच्या आवाजात येणारा खराखुरा मायेचा ओलावा तेव्हा अधिकच अस्वस्थ करतो, कारण तो खोटा नाही. पुढे तोच बॅरन, अंत्यसंस्कारावाचून पुरलेले ते मूल आता पिशाच्च झाले असतानाही, स्वतःच्या हातांवर घेऊन पावसातून चालत जातो. लेखकांनी या माणसाला ना माफ केले आहे, ना एका शिक्क्यात बसवले आहे, आणि हे संतुलन किती काळजीपूर्वक साधले आहे ते पुन्हा खेळल्याखेरीज दिसत नाही.

याच प्रकरणात टेकडीवरच्या झाडाखाली बंदिस्त असलेल्या आत्म्याचा निर्णय येतो. त्याला सोडले तर अनाथ मुले वाचतात, पण बॅरनच्या बायकोचा बळी जातो आणि तो स्वतः गळफास घेतो. आत्म्याला मारले तर मुले जातात, बायकोचे भान हरपते आणि बॅरन तिला घेऊन उपचारांच्या आशेने दूर निघतो. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझ्या मनात योग्य शेवट नावाची गोष्टच उरली नाही. अनेक जण केवळ 'चांगला' शेवट मिळवण्यासाठी पुन्हा खेळतात, पण इथे तो हिशेब जुळत नाही.

सिरीचे मात्र वेगळे आहे. तिचे पुढे काय होणार हे चार-पाच प्रसंगांवर ठरते, आणि त्यांतला एकही प्रसंग मोठा निर्णय म्हणून समोर येत नाही. गेराल्टचा वृद्ध गुरू वेसेमिर याच्या मृत्यूनंतर ती खिन्न बसलेली असताना तिला दारूचा घोट द्यायचा की तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळायचे, चेटकिणींच्या मंडळाला भेटायला तिला एकटीने जाऊ द्यायचे की सोबत जायचे, तिला मदत केलेल्या स्क्याल या तरुणाच्या थडग्यापाशी तिच्यासोबत थांबायचे की नाही, असे ते प्रसंग आहेत. तिच्यावर विश्वास टाकला की ती जगते, आणि सतत पाठीशी उभे राहून तिच्या वतीने ठरवत गेले की गेराल्ट शेवटी दलदलीतल्या एका झोपडीत तिच्याविना बसलेला दिसतो. पालकत्वाबद्दल इतके नेमके बोलणारा गेम माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

आता वापराच्या दृष्टीने. 'न्यू गेम प्लस' ही सोय 'क्रोनो ट्रिगर' या १९९५ च्या जपानी गेमपासून या नावाने रूढ झाली, आणि 'विचर ३' मध्ये ती मोफत मिळते: लेव्हल आणि शस्त्रे सोबत येतात, शत्रूही त्या मानाने बलवान होतात, ग्वेंट या गेममधल्याच पत्त्यांच्या खेळाचे पत्ते मात्र नव्याने जमवावे लागतात. मी ती काही दिवस वापरली आणि सोडून दिली. व्हाइट ऑर्चर्डच्या चिखलात उत्तम चिलखत घालून फिरणाऱ्या गेराल्टला गावकऱ्यांच्या चार नाण्यांची गरज वाटत नाही, आणि विचरच्या धंद्यातली सारी ओढाताण त्या गरजेतूनच येते. त्याऐवजी नवा गेम 'डेथ मार्च' या सर्वांत कठीण पातळीवर सुरू करावा. तिथे ध्यान करून जखमा भरत नाहीत, खाणे जपून वापरावे लागते, आणि पडक्या विहिरीजवळच्या त्या दुपारच्या भुताशी लढताना 'यर्डेन' या मंत्राचे वर्तुळ आखून त्याला त्यात ओढल्याखेरीज तलवार नीट लागत नाही. राक्षसांच्या माहितीची पाने वाचून लढायची असतात, हे या पातळीवरच पटते. त्याबरोबर नकाशावरची प्रश्नचिन्हे बंद करावीत.

त्रासाच्या जागाही आहेत. लाल खुणांमागे चालत सुगावे शोधण्याचे काम उत्तर ठाऊक असताना रटाळ होते. स्केलिगेच्या समुद्रात विखुरलेल्या तस्करांच्या पेट्या पहिल्या खेपेलाच कंटाळवाण्या होत्या. दुसऱ्या खेपेला तिकडे फिरकूच नये.

डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या मोफत सुधारणेने प्रकाश आणि सावल्या पुष्कळ सुधारल्या आणि एक नवी मोहीमही जोडली, पण मला अधिक मोलाचे वाटले ते मूळ गेममध्येच असलेले एक प्रकरण. सुरुवातीला दुसऱ्या भागातील निर्णय गृहीत धरण्याचा पर्याय निवडला, तर विझिमाच्या राजवाड्यात दाढी होत असताना गेराल्टला भूतकाळाबद्दल विचारले जाते. तिथे दुसऱ्या भागातला लेथो हा विचर जिवंत आहे असे सांगितले, तर तो पुढे वेलनमधल्या एका उजाड वाड्यात खरोखरच भेटतो, आणि येण्यास सांगितले तर केर मोर्हेन या विचरांच्या किल्ल्यातील लढाईत आपल्या बाजूने उभाही राहतो. ज्यांना पहिल्या वेळी तो भेटला नाही, त्यांनी दुसऱ्या खेपेला हा पर्याय आवर्जून निवडावा.