अ‍ॅफ्नीमधलं स्केलिंग: बरेच महिने वापरल्यावर

एफएमआरआयच्या, म्हणजे काम करणाऱ्या मेंदूतले बदल टिपणाऱ्या स्कॅनच्या, विश्लेषणासाठी मी बरेच महिने अ‍ॅफ्नी हे सॉफ्टवेअर वापरते आहे. आजचा अनुभव त्यातल्या एकाच पायरीचा, स्केलिंगचा. प्रत्येक रनमध्ये (स्कॅनच्या एका सलग फेरीत) प्रत्येक व्हॉक्सेलची (प्रतिमेतल्या एका छोट्या घनाची) सरासरी काढायची, ती १०० धरायची आणि बाकीचे आकडे त्याच प्रमाणात बसवायचे, एवढंच तिचं काम. स्कॅनरमधून येणाऱ्या आकड्यांना स्वतःचं एकक नसतं, त्यामुळे सिग्नल ८ ने वाढला यातून काहीच कळत नाही. स्केलिंगनंतर बीटा, म्हणजे मॉडेलने काढलेला प्रतिसादाचा आकार, थेट टक्क्यांत वाचता येतो.

खरा फायदा कळला तो टी-मूल्यांच्या नकाशाशेजारी बीटाचा नकाशा उघडा ठेवायला लागल्यावर. टी म्हणजे बीटा भागिले त्याची प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता). प्रतिसाद मोठा असला तरी टी वाढतो, आणि प्रतिसाद बेताचाच पण गोंगाट फार कमी असला तरीही वाढतो. नुसत्या टी-नकाशावर दोन्ही जागा सारख्याच लालभडक दिसतात. ३ टेस्ला ताकदीच्या स्कॅनरमध्ये ठळक चित्रं दाखवली की दृश्य कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या दृष्टीच्या भागात) १ ते ३ टक्के बदल सहज दिसतो. स्मृती किंवा निर्णयाच्या कामांत अर्धा टक्काही चांगला म्हणायचा. मग एखाद्या ठिकाणी ८ टक्के दिसले की मी आधी तिथे मोठी शीर आहे का ते बघते. एफएमआरआयमधला बोल्ड सिग्नल डीऑक्सिहिमोग्लोबिनवर (ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनवर) चालतो आणि ते असलेलं रक्त शिरांतून वाहत पुढे जातं, म्हणून सगळ्यात मोठा टक्का पुष्कळदा सक्रिय पेशींपासून लांबच सापडतो.

टक्का वाचताना भाजक विसरून चालत नाही. समजा, एका व्हॉक्सेलची बेसलाइन (सरासरी सिग्नल) ८०० आहे आणि सिग्नल ८ ने वाढला, तर १ टक्का. डोळ्यांच्या वरच्या ऑर्बिटोफ्रंटल भागात सायनसमधल्या हवेमुळे सिग्नल मुळातच गळतो. तिथे बेसलाइन २५० असेल, तर तेच ८ म्हणजे ३.२ टक्के! स्कॅनरचा गोंगाटही त्याच हिशेबाने फुगतो. म्हणून सरासरी सिग्नलची प्रतिमा मी कायम बाजूला ठेवते.

रिग्रेसरच्या, म्हणजे मॉडेलमधल्या अपेक्षित प्रतिसादाच्या वक्राच्या, उंचीकडे नवीन लोकांचं हमखास दुर्लक्ष होतं. मॉडेलमध्ये ब्लॉक(२०,१) (२० सेकंदांचं काम, उंची १) लिहिलं की रिग्रेसरचं शिखर १ वर येतं आणि ०.८ बीटा म्हणजे ०.८ टक्के. तो शेवटचा १ गाळला तर उंची कालावधीनुसार बदलते आणि बीटाचा टक्क्यांशी थेट संबंध राहत नाही. एसपीएम आणि एफएसएल ही याच कामाची दुसरी सॉफ्टवेअर. एसपीएममध्ये तर संपूर्ण सत्राला एकच सरासरी लावून ती १०० वर आणतात, एफएसएलमध्ये १०,००० वर. तिथले बीटा अ‍ॅफ्नीच्या आकड्यांशेजारी जसेच्या तसे मांडू नयेत. इको टाइमही (उत्तेजनानंतर सिग्नल वाचेपर्यंतचा वेळ) लिहावा, कारण तो वाढवला की टक्काही वाढतो.

एकाच व्यक्तीच्या, एकाच भागातल्या दोन स्थितींची तुलना मी आता याच टक्क्यांत निर्धास्तपणे करते. वयस्क आणि तरुण, किंवा रुग्ण आणि निरोगी अशी तुलना असेल तर तेवढ्यावर थांबत नाही. कॅफिन, रक्तातला कार्बन डायऑक्साइड, वयानुसार कडक होणाऱ्या रक्तवाहिन्या, यांतलं काहीही चेतापेशींचं काम तेच ठेवून टक्का बदलू शकतं. अशा अभ्यासात एएसएल या एमआरआय पद्धतीने विश्रांतीतला रक्तप्रवाह मोजण्यासाठी स्कॅनरची काही मिनिटं मी आधीच राखून ठेवते.