रत्नागिरीत कारचा एसी दुरुस्त करून पावसाळा उलटला, त्याचा अनुभव (आणि एका अडकलेल्या बोल्टबद्दल बरंच काही)

एप्रिलमध्ये गाडीचा कंडेन्सर, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारा पुढच्या बाजूचा भाग, बदलला. आता ऑक्टोबर हीटही सरत आली, तेव्हा लिहायला हरकत नाही. एसी उत्तम चालतोय. भर दुपारी, गाडीत चौघं असताना, मधल्या जाळीपाशी धरलेला थर्मामीटर हायवेवर ८-९ अंश दाखवतो. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. मला मात्र एका बोल्टबद्दल लिहायचंय, कारण सगळा मनस्ताप त्याच्यापायी झाला आणि पैसेही त्याच्यामुळेच वाचले.

गाडी नेहमी जिथे जाते, त्या वर्कशॉपने दर उन्हाळ्यात गॅस भरून दिला नि बिल हातात ठेवलं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय, आणि गळती शोधणं हे त्यांचं काम होतं. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात तेलकट, धूळ चिकटलेला डाग नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं, म्हणून गळतीच्या जागी असा डाग पडतो. मी बोट ठेवून दाखवला, तेव्हा कुठे बंपर उतरवला.

मग बोल्ट अडला. कंडेन्सरला पाइप जोडणारा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा ठोकळा असतो, त्यात सहा एमएमचा एकच लोखंडी बोल्ट, दहा नंबरच्या पान्याचा. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते आणि बोल्ट सिमेंटात बसवल्यासारखा होतो. पोराने रिंग पाना लावून हिसका दिला, बोल्टचं डोकं गोल झालं. दुसरा पोरगा गॅसचा बर्नर घेऊन आला. मी तो पेटवू दिला नाही. आर-१३४ए, म्हणजे एसीतला हा गॅस, ज्वालेत सापडला तर त्यापासून हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायू तयार होतो, आणि लाइनमध्ये गॅस उरलाय का हे तिथे कुणी पाहिलंही नव्हतं. शेवटी सुपरवायझर म्हणाला, "साहेब, पाइप कापावा लागेल. कंडेन्सर आणि पाइप दोन्ही नवीन." पाइपची किंमत कंडेन्सरच्या निम्म्याहून जास्त! एका बोल्टासाठी चांगला पाइप कापायचा, हे मला पटेना. गाडी तशीच बाहेर काढली.

मिरजोळ्याच्या बाजूला एक काका फक्त एसीची कामं करतात. त्यांनी बोल्ट पाहिला, नखाने भुकटी खरवडली आणि म्हणाले, "निघेल. पण आज नाही." आधी उरलेला गॅस मशीनने काढून घेतला. तारेच्या ब्रशने ठोकळा साफ केला, गंज सोडवणारं तेल सोडलं आणि छोट्या हातोडीने डोक्यावर हलके ठोके देत राहिले, तेल आत झिरपावं म्हणून. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी हीट गनने बोल्टाऐवजी ठोकळा तापवला. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे पकड सैल होते. गोल झालेल्या डोक्यावर ३/८ इंची सॉकेट ठोकून बसवला. तो साडेनऊ एमएमचा, म्हणजे दहापेक्षा जरासा लहान, त्यामुळे घट्ट चावतो. आणि आधी बोल्ट किंचित आवळला! मग सैल. कट्ट असा आवाज आला. पाव फेरा मागे, तेल, परत थोडा पुढे, असं करत पूर्ण बाहेर काढला, आटे शाबूत.

पाइप तरी लगेच कुठे निघतोय? तिथे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला असता तर पाइप जिथे टेकतो त्या बैठकीवर ओरखडा पडून कायमची गळती लागली असती. काकांनी तो दोन्ही हातांनी डावीउजवीकडे हळूहळू फिरवत सोडवला आणि लगेच तोंडाला टोपण घातलं, कारण या एसीचं तेल हवेतला ओलावा पटकन ओढतं.

बोल्ट नवीन घ्यायचाच होता, मी म्हटलं स्टेनलेस स्टीलचा लावू. काका ठाम नाही म्हणाले. गंजत नसला तरी खाऱ्या हवेत तो अ‍ॅल्युमिनियमला जास्त खातो. त्यांनी जस्ताचा मुलामा असलेला साधा बोल्ट घेतला, आट्यांना अँटी-सीझ (आटे पुन्हा जाम होऊ न देणारी पेस्ट) लावलं. सांध्यातल्या हिरव्या ओ-रिंगा (रबरी कड्या) नव्या, त्यांना ग्रीसऐवजी कॉम्प्रेसरचंच तेल. आतली हवा आणि ओलावा खेचून काढायला अर्धा तास व्हॅक्युम, मग तितकाच वेळ गेजचा काटा हलतो का (हलला तर गळती) ते पाहत बसणं, आणि गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, वजन करून.

कंडेन्सर कंपनीचा न घेता बाजारातला घेतला. जून-जुलैत मी त्यावर नाराज होतो. जाळीच्या पत्र्या पातळ आहेत, खडीच्या रस्त्यावर काही वाकल्या, आणि सिग्नलला उभं राहिलं की थंडावा कमी व्हायचा. म्हणून सरळ तीन स्टार देणार होतो. पण गणपतीनंतर कंडेन्सरवर हवा खेळवणाऱ्या पंख्याच्या कनेक्टरमध्ये गंज सापडला, तो साफ केल्यावर उभ्या गाडीतही गारवा नीट येऊ लागला. कंडेन्सरचा दोष नव्हताच. पावसात काचेवरचं धुकं तर दोन मिनिटांत जायचं. आता चार स्टार, आणि कापावा लागेल म्हटलेला पाइप अजून तोच आहे.

परवा पुढची जाळी काढून टॉर्चने बोल्ट पाहिला. पांढरी भुकटी नाही. गॅस भरलेला असताना तो सैल करून बघू नका, सगळा गॅस तोंडावर येईल. काकांना विचारून बाहेरून मेणाचा स्प्रे तेवढा मारलाय. पहिल्या वर्कशॉपने "तपासणी" म्हणून घेतलेले पैसे मात्र अजून परत केलेले नाहीत, त्याचा पाठपुरावा चालू आहे.