पुस्तक खरं, हवालदार खोटा

आमच्या पणजोबांबद्दल घरात एकच वाक्य उरलंय: "बसऱ्याला गेले, ते गेलेच." सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी चावडीच्या भिंतीत १९१४-१९ च्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. गावातून किती गेले, किती मेले, एवढे आकडे; नाव एकाचंही नाही. हे सगळं मी देवळाली कॅम्पात जुन्या वस्तू विकणाऱ्या एका माणसाला चहा पिता पिता सांगून बसलो. घात तिथेच झाला.

त्या दिवशी त्याच्याकडे १९०९ ची, नेमबाजीच्या कवायतीची इंग्रजी लष्करी पुस्तिका होती. आठशे सांगितले. मी आतबाहेर फोटो काढले आणि परत आलो. पंधरवड्याने त्याचा फोन: "दादा, तुमच्या सिन्नरच्याच एका हवालदाराचं पुस्तक हाती लागलंय." पहिल्या कोऱ्या पानावर फिकट शाईत इंग्रजीत नाव, खाली सिन्नर, '५ वी मराठा लाइट इन्फंट्री, कुट, १९१६'. कुट म्हणजे बसऱ्यासारखंच इराकातलं गाव, तिथे तुर्कांनी ब्रिटिशांच्या हिंदी फौजेला वेढा घातला होता. अंगावर काटा आला. साडेसहा हजार मोजले. बिल मागायचंही सुचलं नाही.

शेजारचे निवृत्त सुभेदार काका ते पान पाहून हसलेच. "अरे, पाचवी मराठा झाली १९२२ च्या फेररचनेत. कुटच्या वेढ्यात होत्या त्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी. आणि शिपायांना शिकवायचे हिंदुस्तानीत, हे इंग्रजी पुस्तक हवालदार कशाला बाळगेल?" मग त्यांनी भिंग दिलं. कागदावरच्या तांबूस डागांवरून शाई गेली होती, आणि डागापाशी फुटली होती. म्हणजे डाग आधीचे, सही नंतरची.

रात्री मोबाइलमधले जुने फोटो काढले. तोच डाग, कोपरा तसाच दुमडलेला. पान कोरं.

पुस्तिका अस्सल आहे हो, आठशेची. वरचे सत्तावन्नशे मी माझ्याच तोंडून निघालेल्या गोष्टीचे दिले. जाब विचारायला गेलो तर म्हणतो, "मला मिळालं तसं विकलं. लिहून दिलं होतं का कुठं?"

आता कुठेही जुनी वस्तू दिसली की मी आधी प्रत्येक पानाचा फोटो काढतो आणि तोंड बंद ठेवतो. गेल्या आठवड्यात निफाडचा एक मित्र त्याच दुकानातून आला. खूश होता. दुकानदार फार अगत्याचा आहे म्हणे, चहा पाजला आणि विचारलं, "तुमच्या घरात कोणी फौजेत होतं का?"