ओपन सोर्ससाठी पैसा: गुंतवणूकदार की ना-नफा संस्था?

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर. त्यासाठी पैसा उभा करण्याच्या या दोन्ही वाटा मी चाललो आहे. पहिल्या प्रकल्पाला गुंतवणूकदार घेतले, दुसरा एका ना-नफा संस्थेच्या छत्राखाली नेला.

गुंतवणूकदारांचं श्रेय आधी देतो. पैसा लवकर येतो आणि भरपूर येतो. आम्ही चौघे नोकऱ्या सोडून पूर्णवेळ बसलो आणि रखडलेलं काम काही महिन्यांत उरकलं. नुसत्या देणग्यांवर हे झालं नसतं. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा सुरक्षेचा गंभीर दोष उघडकीस आला तेव्हा, माहिती सुरक्षित पाठवण्यासाठी असंख्य सर्व्हर ज्याच्या भरवशावर चालतात त्या या ओपन सोर्स प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला जेमतेम २,००० डॉलर.

तरीही मी बाजू बदलली, ती एका पॅचमुळे, म्हणजे कोडमध्ये सुचवलेल्या बदलामुळे. एका अनोळखी माणसाने सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनने अनेक सेवा वापरण्याची सोय) लिहून पाठवलं होतं. कोड नेटका, चाचण्यांसकट. पण तीच सोय आमच्या विकत मिळणाऱ्या आवृत्तीत होती, म्हणून मला ती नाकारावी लागली. नकाराचं कारण काय लिहावं, यावर तासभर अडून बसलो. मग असे पॅच येतच राहिले. फुकट मिळालेलं चांगलं काम परत पाठवणं हेच माझं काम होऊन बसलं, आणि ती माणसं पुन्हा फिरकली नाहीत.

लायसन्स बदलून कोड वापरण्याच्या अटी कडक करण्यापर्यंत आमची मजल गेली नाही. टेराफॉर्म (सर्व्हरची मांडणी करणारं साधन) आणि रेडिस (डेटाबेस) यांच्या कंपन्यांनी ते अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये बदललं, तेव्हा त्यांचे फोर्क, म्हणजे जुन्या खुल्या कोडवरून इतरांनी वेगळे काढलेले प्रकल्प, ओपनटोफू आणि वाल्की, लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे गेले. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं उदाहरण मला जास्त धीर देतं. २००२ मध्ये गुंतवणूकदारांनी हात काढून घेतल्यावर त्याचे निर्माते टॉन रोझेंडाल यांनी ना-नफा फाउंडेशन काढलं, सात आठवड्यांत लोकांकडून १,००,००० युरो जमवले आणि कोड मोकळा केला.

संस्थेकडेही जाच आहेच. छत्र देणारी संस्था देणगीतला वाटा कापते (सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी १० टक्के घेते), प्रत्येक खर्चाची पावती लागते, आणि आमच्यात पूर्णवेळ पगार आज एकालाच परवडतो. सर्व्हर चालवण्याचाच खर्च अवाढव्य असेल, तर कदाचित तुम्हाला गुंतवणूकदारच सोयीचे पडतील. पण बाहेरून येणाऱ्या पॅचवर प्रकल्प जगणार असेल, तर मी म्हणेन, आधी संस्थेचं दार ठोठावा. नव्या प्रकल्पात सिंगल साइन-ऑन पहिल्याच वर्षी आलं, तेही बाहेरच्याच एकाने लिहिलेलं. मी ते त्याच संध्याकाळी प्रकल्पात मर्ज केलं.